सात की साठ?

नागपूरच्या महालातल्या कापडाच्या दुकानातून फोनवर माल सांगितला जातो, तेव्हा पुष्कळदा सगळा व्यवहार एका अक्षरावर उभा असतो. सात तागे की साठ तागे, पस्तीसचा भाव की छत्तीसचा, हे पलीकडच्याने कसे ऐकले त्यावर पुढचा हिशेब ठरतो. मराठीत बोला की हिंदीत, सात आणि साठ यांतला फरक तेवढाच: जीभ दातांना टेकली की टाळूकडे वळली, आणि शेवटी श्वासाचा छोटा झोत सुटला की नाही. समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, बोटे मोजून दाखवता येतात. फोनवर यातले काही नसते. एक हात मालावर, दुसरा वहीवर, म्हणून कानात बिनवायरचा हेडसेट. आणि बाहेर गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत दुचाक्या, ई-रिक्षा, हातगाड्या आणि हॉर्न. हेडसेट विकत घेताना मात्र या सात-साठची चौकशी कोणी करत नाही. सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर डबी उघडतात, एक गाणे लावतात, ढोल छातीत वाजल्यासारखा वाटला की पैसे दिले जातात. परीक्षा झाली खरी, पण वेगळ्याच विषयाची.

हेडसेटला दोन टोके असतात आणि विकत घेणाऱ्याला त्यातले एकच ऐकू येते. कानातला स्पीकर कसा वाजतो हे त्याला लगेच कळते; आपला आवाज मायक्रोफोनमधून कसा जातो हे त्याला कधीच कळत नाही, कारण तो आवाज दुसऱ्याच्या कानात उमटतो. त्यामुळे बाजारात स्पीकरच्या गुणांची चढाओढ चालते, आणि बोलण्याचे टोक खोक्यावरच्या एका ओळीत उरकले जाते. फोनवर बोलण्यासाठी हेडसेट घेणाऱ्याने ही मांडणी उलटी केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आधी तोंड, मग कान. दुसरी गोष्ट याहूनही कमी बोलली जाते. आराम आणि स्पष्टपणा हे आपण दोन वेगळे गुण मानतो. कोणी म्हणते 'आवाज छान आहे पण टोचतो', कोणी म्हणते 'हलका आहे पण नीट ऐकू येत नाही'. खरे तर जो हेडसेट डोक्यावर किंवा कानात नीट बसत नाही तो स्पष्ट ऐकवूही शकत नाही आणि आपला आवाज स्पष्ट पोचवूही शकत नाही.

तोंडापासून सुरुवात करू. आवाजाचा एक साधा नियम आहे: उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. कानात खोचायच्या लहान बड्सचा माइक तोंडापासून सुमारे १२ सेंटिमीटर दूर, गालाच्या मागच्या बाजूला राहतो. गालावरून पुढे येणाऱ्या दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून तीनेक सेंटिमीटरवर आणता येतो. अंतर दोनदा अर्धे झाले, म्हणजे आपला आवाज माइकपाशी साधारण १२ डेसिबलने वाढला; ऊर्जेच्या भाषेत सोळा पट. रस्त्याचा गोंगाट मात्र दोन्ही ठिकाणी तेवढाच, कारण तो दुरून येतो आणि त्याला नऊ सेंटिमीटरचा फरक जाणवत नाही. ही सोळा पट आघाडी कोणत्याही चिपशिवाय, नुसत्या जागेमुळे मिळते. टेलिफोन ऑपरेटर, वैमानिक आणि कॉल सेंटरमधली माणसे आजही दांडीचाच हेडसेट लावतात त्याचे कारण हेच. १९६१ मध्ये अमेरिकेत सांताक्रूझ येथे दोन वैमानिकांनी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली, ती वैमानिकांच्या डोक्यावरचे अवजड हेडसेट हलके करण्यासाठी. त्यांच्या पहिल्या हेडसेटमध्ये एक बारीक नळी ओठांपर्यंत येई. १९६९ मध्ये चंद्रावरून नील आर्मस्ट्राँग यांचे शब्द पृथ्वीवर आले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. वजन कमी करणे आणि माइक ओठांपाशी ठेवणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी हाती घेतली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वजनाने घसरणारा हेडसेट माइकची जागाही बिघडवतो.

आता गोंगाटाकडे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्रीय नियम व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबल आणि निवासी भागासाठी ५५ डेसिबलची मर्यादा घालतात. महालात खाली दुकान आणि वर घर अशी जुनी रचना असल्याने एकाच भिंतीला दोन्ही आकडे लागू व्हावेत अशी स्थिती आहे, आणि चालत्या रस्त्यावर दोन्ही सहज ओलांडले जातात. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी, नागपुरातच आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी याच शहराच्या रस्त्यांवर हॉर्नचा वेगळा अभ्यास केला आहे. वाहनांच्या मूळ आवाजात नुसत्या हॉर्नमुळे काही डेसिबलांची भर पडते असे त्यांना आढळले. काही डेसिबल हा आकडा किरकोळ वाटतो, पण ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. हेडसेटच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे हॉर्नचा स्वभाव. तो अचानक येतो, उंच स्वरात येतो आणि माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात येऊन बसतो.

या स्वभावामुळे खोक्यावरचे दोन शब्द इथे कामाचे ठरतात किंवा ठरत नाहीत. एएनसी आणि ईएनसी ही अक्षरे दिसायला भावंडे आहेत. काम मात्र उलट दिशांनी करतात. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट आपल्या कानापर्यंत येऊ न देण्याची सोय. बाहेरची लाट मोजायची, तिच्या बरोबर उलटी लाट स्पीकरमधून सोडायची आणि दोघींनी एकमेकींना मिटवायचे. या कल्पनेचे पेटंट जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ मध्येच मिळाले होते. तिला वापराच्या वस्तूत उतरवण्याची चिकाटी अमर बोस यांची. वडिलांकडून बंगाली असलेल्या या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७८ मध्ये एका विमानप्रवासात तिची गणिते मांडायला घेतली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला. विमानाची एकसुरी घरघर मिटवायला ही सोय उत्तम. पंखा, कूलर, बसचे इंजिन यांनाही चांगली. अचानक वाजलेल्या हॉर्नपुढे तिचा फारसा निभाव लागत नाही, कारण उलटी लाट तयार होईपर्यंत हॉर्न कानात पोचलेला असतो, आणि उंच स्वरांत ही पद्धत मुळातच दुबळी आहे. ईएनसी म्हणजे आपल्या माइकमध्ये शिरलेला गोंगाट पलीकडे जाऊ न देणे. दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्याला पैसे मोजायचेच असतील तर ते आधी ईएनसीसाठी मोजावेत. प्रत्यक्षात एएनसी असलेले बड्स घेऊन लोक समजतात की आता आपला आवाजही स्वच्छ जातो. तसा काही संबंध नाही. उलट आपल्याला शांत वाटू लागल्याने समोरच्याच्या कानात किती कालवा चालला आहे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

यावर जाणकार आक्षेप घेतील की आता दोन-दोन, तीन-तीन माइक आणि शिकवलेली संगणकीय गाळणी आली आहे. माइक लांब असला म्हणून काय बिघडते? आक्षेप निराधार नाही. दोन माइकमध्ये आवाज किती फरकाने पोचला यावरून तोंडाची दिशा ओळखता येते आणि त्या दिशेबाहेरचे दाबता येते. चांगली गाळणी कुकरची शिट्टी, कुत्र्याचे भुंकणे, हॉर्न हे सगळे ओळखून काढून टाकते. पण ही गाळणी कशाला गोंगाट समजते ते पाहायला हवे. 'स', 'श', 'फ', 'ख', 'ठ' यांत जो श्वासाचा फुत्कार आहे तोही गोंगाटासारखाच असतो, त्याला स्वर नसतो. रस्त्याचा आवाज जितका मोठा आणि माइकपाशी आपला आवाज जितका लहान, तितकी गाळणीला जोराने छाटणी करावी लागते, आणि छाटणीत हे फुत्कार आधी जातात. मग पलीकडच्याला आवाज स्वच्छ येतो, हॉर्न अजिबात येत नाही, पण साठचा सात होऊन जातो. ही फसवी स्वच्छता गोंगाटापेक्षा वाईट, कारण गोंगाट असला की माणूस पुन्हा विचारतो. स्वच्छ ऐकू आलेले चुकीचे अक्षर मात्र तो वहीत लिहून मोकळा होतो. गाळणी हवी, जरूर हवी, पण माइक ओठांजवळ असेल तर तिला थोडेच काम उरते आणि ते ती चांगले करते.

फुत्काराचा विषय निघाला आहे तर आवाजाच्या पट्ट्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण मराठीसाठी तो फार जिव्हाळ्याचा आहे. जुन्या टेलिफोनने माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच फटीतून जाऊ दिला. स्वर त्यातून बऱ्यापैकी जातात, बोलणारा कोण तेही ओळखू येते. पण 'स'ची मुख्य ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. ती फटीबाहेरच राहते. म्हणून बँकेचा कोड किंवा पॅन क्रमांक सांगताना 'एस' आणि 'एफ' यांचा घोटाळा होतो आणि प्रत्येक अक्षरासाठी एखाद्या गावाचे नाव घ्यावे लागते. मराठीत तर चाकातला 'च' वेगळा आणि चिमणीतला वेगळा, जाळातला 'ज' वेगळा आणि जीवातला वेगळा. लिहिताना एकच अक्षर, ऐकताना दोन. शिवाय क-ख, त-थ, ट-ठ, प-फ अशा जोड्या, ज्यांत भेद फक्त श्वासाचा. ही सगळी बारकी नक्षी वरच्या पट्ट्यात असते. आता भारतात ४जीवरचे कॉल रुळले आहेत. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यावर ते सर्वसामान्यांच्या हातात आले. अशा कॉलमध्ये आवाजाचा पट्टा सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत रुंद होतो. नेटवर्कने रस्ता रुंद केला आहे.

पण रस्ता रुंद झाला तरी घराचा दरवाजा अरुंद असेल तर काय उपयोग? फोन आणि हेडसेट यांच्यातला ब्लूटूथचा टप्पा हाच तो दरवाजा. ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले, आणि नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजावरून पडले. त्यात गाण्यासाठी एक मार्ग आहे आणि कॉलसाठी दुसरा. गाणे एकाच दिशेने, भरपूर माहितीसह येते. कॉलमध्ये आवाज दोन्ही दिशांना आणि उशीर न होता जायला हवा, म्हणून त्याला लहान वाट दिली आहे. जुन्या पद्धतीत ही वाट टेलिफोनइतकीच अरुंद, सेकंदाला ८००० नमुने घेणारी. २०११ पासूनच्या मानकात १६००० नमुन्यांची रुंद वाट आली. गाणे झकास वाजत असताना कॉल आला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो, त्याचे कारण हा मार्गबदल. दुकानात गाणे लावून घेतलेली परीक्षा कॉलबद्दल काहीच सांगत नाही, ती यासाठीच. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पिढीत एलसी३ नावाची अधिक चांगली आवाजबांधणी आहे, पण ती फोनमध्येही हवी आणि हेडसेटमध्येही. एकात असून चालत नाही. खोक्यावर 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड' असे शब्द शोधावेत, '५.३' किंवा '५.४' हा नुसता ब्लूटूथचा आकडा आवाजाच्या दर्जाची हमी देत नाही.

आता आरामाचा प्रश्न, आणि तो आपलाच आवाज ऐकण्यापासून सुरू होतो. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज अगदी हलका आपल्या कानात परत सोडलेला असे. त्यामुळे माणूस किती जोरात बोलतो आहे हे त्याला नकळत समजत राही. रबराच्या टोपीने कान पूर्ण बुजवणाऱ्या बड्समध्ये पुष्कळदा हे परतीचे ऐकणे नसते. उलट कान बुजल्याने आपला आवाज हाडांमधून आत घुमतो, स्वतःचे बोलणे हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. फ्रान्सच्या एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले होते की भोवती गोंगाट वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो. बाजारात उभ्या माणसाच्या कानात रबर, भोवती हॉर्न, परतीचा आवाज नाही. तो ओरडतो, ओरडल्याने स्वर फाटतात, व्यंजने दबतात, दिवसअखेर घसा बसतो. काही हेडसेटच्या ॲपमध्ये 'साइडटोन' किंवा आपला आवाज ऐकण्याची सोय असते. ती चालू करावी. नसेल तर एक कान मोकळा ठेवणारा हेडसेट घ्यावा. दुकानदाराला तसाही गिऱ्हाइकाचा शब्द ऐकायचा असतोच.

कानाचा आकार हा तर प्रत्येकाचा स्वतंत्र. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात, तरी खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या असून बहुतेक लोक कारखान्यातून लावून आलेली मधलीच जोडी वर्षभर वापरतात. सैल बसलेल्या बडमधून खालचे स्वर गळून जातात, आवाज पातळ होतो, मग माणूस तो वाढवतो. वाढवला की कान थकतो. घट्ट बसलेल्यात तासाभरात दुखरी जागा तयार होते, मग तो बड जरा बाहेर ओढून ठेवला जातो, आणि पुन्हा तेच. बसण्यातला दोष असा थेट आवाजाचा दोष होतो. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला लहान टोपी लावायला काही हरकत नाही. ज्यांना कानाच्या नळीत काही घातलेले सहन होत नाही त्यांनी बाहेरच्या पाळीवर टेकणारे, किंवा कानापुढच्या हाडावर बसणारे हेडसेट पाहावेत. गर्दीत त्यातून कमी ऐकू येते, पण घरात तासन्‌तास लावायला ते सुखाचे. चष्म्याची काडी, कानातली कुडी, भिकबाळी, हेल्मेट हे सगळे लावून मगच हेडसेट घालून पाहावा. कानावरून जाणारी आकडी चष्म्याच्या काडीशी भांडते हे घरी आल्यावर कळण्यात अर्थ नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर आणखी एक गोष्ट येते, जी कोणत्याही परदेशी परीक्षणात सापडणार नाही. एप्रिल लागला की इथे दुचाकीवरची मुलगी असो की मुलगा, डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने गच्च बांधूनच निघतो. लू लागू नये म्हणून ते हवेच. पण कानातल्या बडचा माइक त्या कापडाखाली गेला की वरचे स्वर कापडातच अडकतात, आणि कापड माइकवर घासल्याची खरखर पलीकडे जाते. गळ्यात अडकवायच्या नेकबँडचा माइक तर दुपट्ट्याच्या गाठीखालीच येतो. गाडी थांबवून, सावलीत उभे राहून, माइकवरचे कापड सारून बोलणे एवढाच त्यावर उपाय आहे. गाडी चालवताना बोलणे हा या लेखाचा विषयच नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वाहन चालवणे धोकादायक ठरवले आहे, आणि हात मोकळे असले म्हणून लक्ष मोकळे होते असे मुळीच नाही.

उन्हाचा मार वस्तूवरही बसतो. २०१३ च्या २३ मे रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती, आणि ४५ अंश तर इथे नेहमीचे पाहुणे. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा संकेत आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि चार्जिंगची डबी तिथेच पडलेली असते. बड डबीत ठेवले की ते त्या भट्टीतच चार्ज होऊ लागतात. अशाने बॅटरी लवकर खालावते आणि दोष कंपनीच्या माथी जातो. डबी खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी. घामासाठी आयपीएक्स४ किंवा त्यावरचे मानक पाहावे. त्याचा अर्थ सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणे एवढाच आहे, घामातल्या मिठाचा त्यात हिशेब नाही, म्हणून वापरल्यावर कोरड्या कापडाने पुसणे आलेच. कान झाकणाऱ्या मोठ्या गाद्यांचे, दोन-अडीचशे ग्रॅमचे हेडफोन एसीच्या खोलीत उत्तम, महालातल्या मे महिन्यात अर्ध्या तासात नको होतात. पावसाळ्यात घामट, बुजलेल्या कानात बुरशी धरते. रबरी टोप्या धुऊन, पूर्ण वाळवून लावाव्यात आणि एकमेकांच्या वापरू नयेत.

मग साधा वायरचा इयरफोनच काय वाईट, असा प्रश्न येतो. प्रामाणिक उत्तर असे की स्पष्टपणात तो पुष्कळदा सरस आहे. त्याचा माइक हनुवटीपाशी लोंबतो म्हणजे तोंडाच्या जवळ, ब्लूटूथचा अरुंद दरवाजा मध्ये नाही, चार्जिंग नाही, किंमत कमी. एका जागी बसून बोलणाऱ्याने तो जरूर वापरावा. पण २०१६ मध्ये ॲपलने आयफोनमधले वायरचे गोल छिद्र काढले, मागोमाग इतरांनीही. आणि तागे उचलणाऱ्या, शिडीवर चढणाऱ्या, दिवसभर आत-बाहेर करणाऱ्या माणसाला वायर अडकते, हे खरेच आहे. दांडीच्या हेडसेटबद्दल तक्रार असते ती दिसण्याची: कॉल सेंटरमध्ये बसल्यासारखे वाटते म्हणतात. ज्याचे पोट फोनवरच्या बोलण्यावर चालते त्याने याची लाज धरू नये. सराफ डोळ्याला भिंग लावतो तेव्हा कोणी काही म्हणत नाही.

काहींना कानाजवळच्या रेडिओ लहरींची काळजी वाटते. नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटची प्रक्षेपणशक्ती काही मिलीवॅटची असते. मोबाइल फोन टॉवरशी बोलताना याच्या अनेक पट शक्ती वापरू शकतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे, आणि फोन कानापासून दूर ठेवल्याने डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा घटते. म्हणजे हेडसेट लावल्याने डोक्याजवळची ही ऊर्जा वाढत नाही, कमी होते. काळजी करायचीच असेल तर आवाजाच्या पातळीची करावी. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचे मानक मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल एवढी शिदोरी देते. त्यावर ३ डेसिबल चढले की वेळ निम्मा करावा लागतो. रस्त्याच्या गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणे हा कान कायमचा गमावण्याचा मार्ग आहे. किमतीबद्दल एवढेच, की महागड्या बड्समध्ये तुम्ही पुष्कळसे पैसे गाण्याच्या गोडव्यासाठी देता. आणि स्वस्तातला बेनामी माल टाळायचा तो बॅटरीसाठी: बिनवायरचे हेडफोन आणि इयरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहेत, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो क्रमांक सुरक्षिततेचा आहे, आवाजाच्या दर्जाचा नाही.

परीक्षा कशी घ्यावी हे यातून आपोआप निघते. टेलिफोन अभियंतेही शेवटी माणसांनाच ऐकायला बसवतात आणि एक ते पाच गुण द्यायला लावतात. यंत्राचे मोजमाप त्यानंतर येते. आपणही तेच करावे. दुकानातून हेडसेट लावून घरच्या माणसाला साधा कॉल करावा, दारात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे, आणि एक यादी सावकाश वाचावी: सात, साठ, पस्तीस, छत्तीस, शाल, साल, फार, पार, खरे, करे, चाक, चिमणी, आणि दहा-बारा आडनावे, घराच्या पत्त्यासह. पलीकडच्याने ती कागदावर लिहावी. 'ऐकू येते का' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. मग तीच यादी फोन थेट कानाला लावून वाचावी. दोन कागद शेजारी ठेवले की हेडसेटने काय खाल्ले ते दिसते. शक्य असेल तर पंधरा मिनिटे तो कानातच ठेवून दुकानात फिरावे; टोचणारी जागा साधारण दहाव्या मिनिटानंतर बोलू लागते. परत घेण्याची मुदत असेल तर हीच परीक्षा भर दुपारी, आपल्या नेहमीच्या जागी पुन्हा करावी.

आणि यादी लिहायला कोणाला बसवायचे, याचा विचार जरूर करावा. महालातल्या जुन्या वाड्यांतून, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅट्समधून आज कितीतरी घरी फक्त वयस्क माणसे आहेत. मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारांपैकी एकाहून अधिक माणसांना त्रासदायक बहिरेपण असते, आणि वयाबरोबर कान आधी वरचे स्वर गमावतो, म्हणजे नेमके 'स', 'श', 'ठ', 'फ' राहतात तो पट्टा. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. मग मुलगा ओरडतो, आई 'हो हो' म्हणते, आणि औषधाची गोळी सकाळी की संध्याकाळी हे विचारायचे राहून जाते. लोक अशा वेळी आईसाठी चांगला हेडसेट घेऊन पाठवतात. तो उपयोगी पडेलही. पण ऑफिसच्या बसमधून, कानातल्या बड्सवरून, लांबच्या माइकमधून छाटून आलेला आवाज आईच्या कानाशी कितीही महागडा स्पीकर ठेवला तरी परत भरून येत नाही. जे अक्षर पुण्यातच गाळले गेले ते महालात पोचणार कुठून? चांगला हेडसेट आधी मुलाने घ्यावा, दांडी ओठांपाशी ओढावी, खिडकी बंद करावी, आणि त्या यादीतले शब्द आईने ऐकून लिहावेत.